न धुतलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. हात लावून बघायचं असेल तर खुशाल बघा, पण टोचली म्हणून तक्रार करू नका. टोचणं हा माझा जन्माचा गुण आहे आणि माझं बोलणंही तसंच आहे. गोडगोड, लाडंलाडं ऐकायचं असेल तर बाजारातल्या फुलाफुलांच्या ब्लँकेटांकडे जा.

सध्या माझा मुक्काम शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर, मेंढरांच्या वाडग्यात, म्हणजे त्यांना कोंडायच्या काटेरी कुंपणात आहे. अंगावर कोकरं लोळतात. मुततातसुद्धा, खोटं कशाला बोलू! पण एक काळ असा होता, की मला भुईला टेकू देत नसत. मी देवाची घोंगडी होते हो! आणि त्या देवपणापायी आठ वर्षांच्या एका पोरीचा जीव माझ्या पोटात जाता जाता राहिला. वैरानं नाही, मायेनं. म्हणून तर ते जास्त सलतं.

माझं माहेर म्हणजे सटवाच्या काळ्या मेंढ्यांची पाठ. सटवा मेंढपाळ. डोक्याला तांबडा पटका, कमरेला तंबाखूची चंची आणि मेंढरांमागं चालून चालून दगडासारखे झालेले पाय. त्यानं लोकर कातरली आणि त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, तिचं सूत काढलं. काय हात होता बाईचा! कडेला पोर, डोक्यावर बोचकं, आणि चालता चालता सूत काढणं चालू. मग सनगराच्या मागावर मी विणली गेले, चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झाले. नऊ हात लांब, काळीभोर.

चतुराबाईनं मला पहिल्यांदा नेलं ते बिरोबाच्या उंबऱ्यापाशी. मुठीमुठीनं पिवळा भंडारा माझ्यावर उधळला आणि म्हणाली, "ही देवाची. हिला पाणी लावायचं न्हाई." झालं. पावसापाण्यासाठी घरात दुसरी घोंगडी आली आणि मी मानाची झाले. तिच्या लेकाचं, जीवनचं लग्न लागलं तेव्हा तो आणि बबिता माझ्यावरच उभे होते. पुढं एका उन्हाळ्यात चतुराबाई तापानं गेली. त्या दिवसापासून सटवानं मला खांद्यावर घेतलं ते घेतलंच. बाजार असो, जत्रा असो, मयत असो, मी त्याच्या डाव्या खांद्यावर. पूर्वी निदान उन्हात टाकून काठीनं झोडपायचे. तेही बंद झालं. "चतुराच्या सुताला काठीनं मारू व्हय?" असं म्हणायचा. त्यालाही बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांची धूळ, मेंढरांच्या अंगाचा कोंडा, चुलीचा धूर आणि भंडारा, सगळं माझ्या धाग्याधाग्यांत मुरत गेलं. मला वाटायचं हीच माझी श्रीमंती.

आता धनश्रीचं सांगते. जीवन-बबिताची ही फार उशिरानं झालेली एकुलती एक लेक. जीवन वर्षातले आठ महिने मोठा कळप घेऊन पुण्याच्या बाजूला रानोमाळ फिरतो. सटवाचे गुडघे गेले, म्हणून तो तीसेक मेंढरं राखून वस्तीवरच राहतो. बबिता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि पोर शाळेत. आमच्या घराण्यात शाळेत बसलेली ही पहिलीच पोरगी. सटवाला त्याचं काय अप्रूप! स्वतः अंगठेबहाद्दर, पण पोरीचं दप्तर माझ्याच घडीवर ठेवायचा. म्हणायचा, "हे बी देवाचंच हाय."

पण ही पोर म्हणजे काय सांगू! पायाला भिंगरी. जेवायला बसली तर दोन घास खाऊन उठायची, पाणी प्यायला गेली तर तांब्या तिथंच टाकून कोंबडीमागं पळायची. बोलायला लागली की एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं. "आबा, आबा, ते बगा, न्हाई ते न्हाई, हे बगा!" हाताला तर क्षणाची उसंत नाही. माझ्या एका कोपऱ्याची लोकर ती सारखी उपटायची, बोटांत वळायची, गोळ्या करायची. तो कोपरा पार उघडा पडला. दुसऱ्या कुणी माझी लोकर उपटली असती तर मी अशी टोचले असते की बस्स! पण तिला नाही टोचलं. निदान मला तसं वाटायचं.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती, कारण ती माझ्याच आत झोपायची. ती झोपायचीच नाही. नाक गच्च, तोंड उघडं, सारखी कुशी बदलणं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत खाजवून खाजवून कातडी लाल झालेली. सकाळी उठली की ओळीनं दहा-बारा शिंका आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बबिता म्हणाली, "हिला वारं बाधतंय," की सटवा मला आणखी घट्ट गुंडाळायचा. ती खोकली की डबल घडी. ती जितकी खोकायची तितकी मी तिला कवटाळायची. शहाणपणाचा कळसच म्हणा ना!

मागच्या हिवाळ्यात शाळेतनं निरोप आला, घरच्यांनी भेटायला यावं. सटवा गेला, म्हणजे मीही गेले. वर्गात अंजना मॅडम होत्या. तिसरीचा वर्ग एकट्या सांभाळायच्या. बाई वाईट नव्हती, पण थकलेली होती.

"आबा, पोरगी हुशार आहे. तोंडी विचारलं की सगळ्यात आधी उत्तर देते. पण दोन मिनिटं एका जागी बसत नाही. लिहायला दिलं तर अर्ध्यात सोडते. काल पळताना एका मुलीला धडकली, तिचा दात हलला. त्या मुलीचा बाप भांडायला आला होता."

"मारा की चार फटके. आमचं कायबी म्हणणं न्हाई."

"मारून काय होणार? मला तर वाटतं, हिला नीट झोप मिळत नाही. सारखी नाक पुसते, खाजवते. एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवा. मन लागत नाही त्याचेही डॉक्टर असतात, अंबाजोगाईला."

इथंच माशी शिंकली. बाईच्या बोलण्यातलं झोप आणि नाक सटवाच्या कानावरून गेलं आणि 'मनाचे डॉक्टर' तेवढं काळजात रुतलं. खांदा कसा ताठ झाला ते मला कळलं.

"म्हंजी आमची पोर येडी हाय म्हणता?"

"अहो आबा, तसं कुठं म्हणाले मी?"

पण म्हातारा उठला होता. तडक वस्तीवर आला. बबितानं विचारलं तर म्हणाला, "कायी न्हाई. जरा गप बसायला शिकवा म्हणत्यात." डॉक्टरचं भिजत घोंगडं तसंच राहिलं. आमच्या जातीच्या नावानं ही म्हण का पडली ते मला त्या दिवशी नीट कळलं.

चार दिवसांनी जीवनचा फोन आला. शाळेतली भानगड त्याच्या कानावर कुणीतरी घातलीच होती. बबितानं फोन मोठ्या आवाजात लावला, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं.

"पोर बसत न्हाई तर कावून बळजबरी करायची? शाळा तिच्या नशिबात न्हाई. मी रविवारी सांजच्याला येतो. तिला घेऊन जातो कळपावर. पळू दे किती पळती ती मेंढरांमागं."

"आवो, तिसरीला हाय ती अजून," बबिता म्हणाली.

"मग? मी दुसरीला सोडली. मेलो व्हय?"

फोन ठेवल्यावर बबिता चुलीकडं तोंड करून बसली. धनश्री तेव्हा दारात एका पायावर लंगडी घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आली, माझ्या कोपऱ्याची लोकर उपटायला लागली आणि म्हणाली, "आबा, मी बसन गप. लई गप बसन. पर मला शाळेतनं काडू नका." एवढं बोलेपर्यंत तिचे पाय चार वेळा हलले होते.

सटवाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या कडेनं ते पुसून तो म्हणाला, "जीवन यायच्या आत तुला गप बसवतो. माजा देव कशाला हाय?"

आमच्या घराण्यात एक रीत होती. लेकरू फार किरकिरं, फार द्वाड झालं, की त्याला बिरोबापुढं देवाच्या घोंगडीखाली बसवायचं, धूप घालायचा, भंडारा उधळायचा आणि ते गप होईपर्यंत उठू द्यायचं नाही. जीवनला लहानपणी असंच बसवलं होतं म्हणे. तो अर्ध्या तासात गप झाला. निरोगी पोरगं होतं, कंटाळून झोपलं असेल! पण नाव देवाचं झालं.

रविवार उजाडला. आभाळ भरलेलं, थंडी कडाक्याची. दोन दिवसांपासून धनश्रीची छाती घरघरत होती, पण सटवा म्हणाला, आजच व्हायला पाहिजे, सांजच्याला जीवन येतोय. बिरोबाचं ठाणं वस्तीच्या टेकाडावर. लहानशी दगडी खोली, दार एकच, खिडकी नाही. पूजा धुळाजी करायचा. सटवाच्याच वयाचा, भाबडा माणूस. बायका बाहेर चुलवणावर निवद रांधत होत्या, बबिता त्यांच्यातच होती.

पोरीला देवापुढं पाटावर बसवलं. ती बसली आणि उठली. पुन्हा बसवली, पुन्हा उठली. "आबा, ती घंटा मी वाजवू?" मग सटवानं मला खांद्यावरून काढलं, झटकलंसुद्धा नाही, आणि डोक्यापासून पायापर्यंत तिच्यावर टाकलं. कडा पायाखाली दाबल्या. समोर धुपाटणं ठेवलं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत धुळाजीनं भंडाऱ्याची ओंजळ माझ्यावर उधळली.

आता ऐका. बाहेर काय चाललं ते सगळ्यांनी पाहिलं. आत काय चाललं ते एकट्या मला ठाऊक आहे.

आधी शिंका. एक, दोन, सात, अकरा. प्रत्येक शिंकेनं माझ्यातली धूळ उडायची आणि पुढच्या श्वासाबरोबर तिच्याच नाकात जायची. मग खोकला, कोरडा, थांबता थांबेना. ती हातपाय झाडायला लागली. बाहेरून सटवा मला दाबून धरत होता. "जरा बस माजे बाई, जरा गप बस." त्याचा आवाज रडवेला झाला होता. मग तिच्या छातीत शीळ वाजायला लागली, बारीक, दाराच्या फटीतून वारा येतो तशी. गळ्याखालची खळगी आत आत ओढली जायला लागली. ती "आबा" म्हणत होती. पण मी जाड, धूर दाट, आणि बाहेर चांगभलं चाललेलं. कुणाच्या बाच्यानं ऐकू जाणार?

मी टोचत होते, घुसमटवत होते, आणि मला बाजूला होता येत नव्हतं. मला हात नाहीत हो! त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, चतुराबाईच्या हातातलं सूत तेव्हाच तुटलं असतं तर बरं झालं असतं.

तिची बोटं माझ्या उघड्या कोपऱ्यावर होती. उपटत होती, वळत होती. मग हळूहळू मंद झाली. मग थांबली.

ती बोटं कधी थांबलेली मी पाहिलीच नव्हती. झोपेतही ती चालायची.

धनश्री गप बसली.

"बसली! बसली रे सटवा!" धुळाजी ओरडला. "देव पावला!"

सटवानं दोन्ही हात जोडले. गालावरून पाणी वाहत होतं. बाहेर बायकांत कुजबुज पसरली, पोर गप बसली. बबिताच्याही कानावर ती गेली. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"किती येळ झाला?" तिनं विचारलं.

"आत्ताच बसली बघ. हूं न्हाई का चूं न्हाई."

बबिता उठली. आणि जे कुणाला कळलं नाही ते त्या अडाणी बाईला कळलं. "माजी पोर झोपंत बी गप पडत न्हाई," ती म्हणाली, आणि धावली. बायकांनी आत जाऊ नये असा तिथला दंडक. तिनं उंबरा ओलांडला, लाथेनं धुपाटणं उडवलं आणि मला असं ओढलं, की माझी कड टरकन फाटली.

धनश्रीचे ओठ निळे पडले होते. डोळे उघडे, पण नजर नाही. खांदे नुसते वरवर उचलले जात होते.

सटवा तिला उचलायला पुढं झाला आणि सवयीनं मलाच पुन्हा तिच्याभोवती गुंडाळायला लागला. थंडी होती ना बाहेर! बबिता किंचाळली, "घोंगडी नगं! आबा, आदी तिला वारं घेऊ द्या!" आख्ख्या जन्मात तिनं सासऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता. धुळाजीनं मोटारसायकल काढली. मध्ये पोर, मागं बबिता, आणि गाडी शिरूरच्या रस्त्याला लागली. सटवा मागून मिळेल त्या टमटमनं निघाला, मी खांद्यावर. वाटभर तो एकच म्हणत होता, "मी काय केलं, चतुरा, मी काय केलं." उत्तर कोण देणार? मी चतुराच्या सुताची, पण मला वाचा नव्हती.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा धनश्रीच्या तोंडाला वाफेचा मुखवटा लावला होता. एक तरणा डॉक्टर तिची नाडी धरून बसला होता. म्हणाला, "अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." हळूहळू ओठांवर रंग यायला लागला, बोटं हलली. सटवाचा बांध फुटला. तो धावत खाटेजवळ गेला आणि तिच्या डोक्याशी वाकला. दोन मिनिटांत पोर पुन्हा शिंकली. पुन्हा खोकली. शीळ पुन्हा सुरू.

डॉक्टरनं वर पाहिलं. तिच्याकडं नाही, सटवाच्या खांद्याकडं. माझ्याकडं.

"बाबा, ही घोंगडी धुतली कधी?"

"देवाची हाय सायेब. धूत न्हाईत."

"पोर हिच्यात झोपते?"

"जलमल्यापासून."

डॉक्टर मला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेला. तोवर ढग थोडे फाटून उन्हाची तिरीप आली होती. त्या तिरिपीत त्यानं मला एकदा झटकलं. एकदाच. अरे देवा! माझ्यातून काय उठलं म्हणता! पिवळा भंडारा, राखाडी कोंडा, बारीक केस, बावीस वर्षांची माती. उन्हात तो लोट तरंगत राहिला, खाली बसेचना. सटवा बघत राहिला. मी बघत राहिले. ज्याला आम्ही दोघं देवपण समजत होतो, ते असं दिसतं तर!

"हे तिच्या छातीत जातं, रोज," डॉक्टर म्हणाला.

सांजच्याला जीवन आला तो थेट दवाखान्यातच. पायांत अजून रानातली माती. सगळं ऐकून घेतलं. बापावर ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. हलक्या आवाजात एवढंच म्हणाला, "आबा, मेंढराला दम लागला तर तुमी आदी त्याला वाडग्यातनं मोकळं सोडता. पोरीला झाकलं कावून?"

सटवा मला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसला. मग मला मांडीवरून काढून बाजूला ठेवलं. तीन-चार हात लांब. मला आयुष्यात पहिल्यांदा थंडी वाजली.

पुढच्या आठवड्यात सगळे धनश्रीला घेऊन अंबाजोगाईला गेले. बबिताचं माहेर त्या बाजूचं. मला नेलं नाही. तिथं डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते बबितानं आल्यावर अंगणात मोठ्यानं सांगितलं, म्हणून मला ठाऊक. पोरीला धुळीची, लोकरीतल्या कोंड्याची अॅलर्जी आहे. दमा आहे. कातडीची खाज त्यातलीच. नाक बंद, अंगाला खाज, झोप तुटकी. मग दिवसभर चित्त कुठून ठिकाणावर राहणार? अशा लेकरांत एका जागी न बसणं, लक्ष न लागणं जास्त दिसतं. दमा आवरला, झोप लागली, की काहींचं निम्मं कमी होतं. काहींचं नाही होत. ते वेगळं तपासावं लागतं, त्यालाही उपाय आहेत. "पर पोर येडी न्हाई आन् द्वाड बी न्हाई," बबिता म्हणाली. हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा सासऱ्याकडं बघून.

"आन् कळपावर?" सटवानं विचारलं.

जीवनच बोलला. "मेंढरात तर आजाबात नगं म्हणाल्या. मी नेलं असतं तर रानातच..." तो थांबला. "ऱ्हाऊ द्या तिला शाळंत."

दुसऱ्या दिवशी सटवानं अंगणात चूल मांडली आणि त्यावर मोठं पातेलं चढवलं. काय करणार ते मला उमगलं. धुळाजी पळत आला.

"सटवा, देवाची हाय ती! कोप व्हईल!"

सटवा लाकडं सारत राहिला. मग म्हणाला, "धुळाजी, घोंगडी म्या देवाला दिली. पोर देवानं मला दिली. कुणाचं दिल्यालं आदी जपायचं, सांग."

धुळाजी खाली बसला. थोड्या वेळानं उठला आणि विहिरीवरून पाण्याची घागर घेऊन आला.

उकळत्या पाण्यात गेले. पाणी आधी पिवळं झालं, मग काळं. चिंचोक्याची खळ सुटली, ताठा उतरला. लोकर आवळत गेली. नऊ हातांची मी, पाच हातांची होऊन बाहेर निघाले. सटवा मला पिळत होता आणि रडत होता. चतुराबाईचा एकेक धागा आक्रसून दुसऱ्यात घुसला होता, वेगळा ओळखू येत नव्हता. त्याला वाटलं होतं, धुतली की मी पुन्हा घरात येईन. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धुतली तरी लोकर पोरीजवळ नको. म्हणून मी इथं, वाडग्यात. माझा राग नाही. अशी जागा मला आधीच द्यायला हवी होती.

आता धनश्री सुती गोधडीत झोपते. बबिता दर शनिवारी ती गरम पाण्यात धुते, उन्हात तापवते. सकाळ-संध्याकाळ नळकांड्यातून दम्याच्या औषधाचा पंप ओढायचा असतो. पंपाची सवय लागते असं सांगणारे चारजण येऊन गेले, बबितानं चौघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. सटवा वाडग्यातून निघाला की आधी अंघोळ करतो, कपडे बदलतो आणि मगच नातीला जवळ घेतो. थंडीतसुद्धा. खांदा मोकळा पडला त्याचा, जरा वाकल्यासारखा दिसतो.

पोर पार बदलली असं मी सांगणार नाही. खाज कमी आहे, शिंका कमी आहेत, डोळ्यांखालचा काळेपणा गेला. अंजना मॅडमनी तिला पुढच्या बाकावर बसवलंय आणि फळा पुसायचं, खडू वाटायचं काम दिलंय, म्हणजे उठायला निमित्त मिळतं. सटवा स्वतः जाऊन त्यांच्यापुढं हात जोडून आला. आता आख्खं पान लिहून होतं. दुसरं पान अर्ध्यात राहतं. महिन्याला अंबाजोगाईची खेप असतेच.

शाळेतून येताना ती वाडग्यापासून दहा पावलांवर थांबते. तिथं सटवानं एक पांढरा दगड ठेवलाय, त्याच्या अलीकडं तिनं यायचं नाही. ती दगडावर चढते, उतरते, पुन्हा चढते, आणि तिथूनच ओरडून मला दिवसभराचं सगळं सांगते. बोटं चालूच असतात, आता दप्तराच्या बंदावर. तिनं उघडा पाडलेला माझा कोपरा कोकरं चाटतात. मी तिचं बोलणं ऐकत नाही, तिचा श्वास ऐकते. शीळ नाही ना, एवढंच.

माझं फार दिवस राहिलं नाही. लोकर झडतेय. पण जाण्याआधी एक मागते. तुमच्या घरात एखादं लेकरू असेल, क्षणभर ठरत नसेल, पुस्तकात मन लावत नसेल, तर त्याला दामटून बसवण्याआधी एकदा त्याच्या छातीला कान लावा. झोप लागते का विचारा. आणि मायेनं त्याच्या अंगावर काय घालता आहात ते एकदा उन्हात झटकून बघा.

त्या बघा, आल्या बाईसाहेब. दगडावर चढल्या, उतरल्या, निघाल्या पळत घराकडं. चप्पल एक इथं, एक तिथं. बबिता दारातून ओरडतेय, "धने, आगं जरा गप बस की एका जागी!"

नको गं बबिता, तसं म्हणू नको. गप बसलेली धनश्री मी एकदा पाहिली आहे.

पळ, पोरी. पळ.